सांगता येत नाय

"मला नाय सांगता येत, साहेब," धाकू म्हणाला. दुभाष्यानं मान ताठ करून त्याचं इंग्रजी केलं, "आय अ‍ॅम नॉट अ‍ॅट लिबर्टी टु डिस्क्लोज."

मी ताडकन उठलो. धाकू माझा अशील, सिद्धगडाच्या पायथ्याचा शेतकरी. बेचाळीसच्या चळवळीचे दिवस. रानात लपलेल्या पोरांना भाकऱ्या कोण पोचवतं, एवढंच सरकारला हवं होतं. धाकूला त्यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. धसईच्या बाजारातून मीठ घेऊन येताना त्याला पकडला होता, बस्स.

आपल्याकडे 'सांगता येत नाही' म्हणजे काय? 'ठाऊक नाही', एवढंच. शेंबडं पोरही सांगेल. दुभाष्याच्या त्या भारी वाक्याचा अर्थ मात्र असा, की मला ठाऊक आहे, पण सांगायची मोकळीक नाही. वाक्य बिनचूक होतं, फक्त ते धाकूचं नव्हतं!

"साहेब, ह्याला माहीतच नाही. भाषांतर चुकलंय," मी इंग्रजीत म्हणालो.

"माझं ग्रामर काढता काय, वकीलसाहेब?" दुभाषा फणकारला.

"ग्रामर घाला चुलीत! माणूस आत जाईल."

मॅजिस्ट्रेट गोरा, मराठीचा गंध नाही. त्यानं मला खाली बसवलं आणि दुभाष्यामार्फत विचारलं, "सांगायला तुला मना कोणी केलंय?"

धाकू भाबडा. खरं तेच बोल, असं मीच बजावलेलं. तो म्हणाला, "बायकोनं. कचेरीत जास्ती बोलू नको म्हनली."

झालं! मी कपाळाला हात लावला. साहेब भराभर लिहू लागला.

माहिती दडवली म्हणून धाकूला सजा झाली. मी वर अपील केलं. तिथले न्यायाधीश मराठी, म्हणून वेडी आशा. पण धाकूचे मूळ शब्द कुणी टिपलेच नव्हते, रेकॉर्डला नुसतं इंग्रजी. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "यात संशयाला जागा कुठे आहे? वाक्य अगदी स्वच्छ आहे." अपील फेटाळलं. बाहेर येऊन मी चक्क रडलो.

धाकू तुरुंगातच तापानं गेला. सांगायला मीच त्याच्या घरी गेलो. बायको रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मी बोलू नको म्हनली, म्हून गेला का वो?"

नाही गो बाई, नाही, म्हणून मी घसा कोरडा केला. तिला पटलं नाही.

आता नव्या अशिलाला मी आधी एवढंच शिकवतो. ठाऊक नसेल तर 'म्हाईत नाय' म्हणायचं. 'सांगता येत नाय' कधी म्हणायचं नाही.