दोन्ही ओळी बरोबर

लेकीला चहा द्यायला गेलो आणि तिच्या खुर्चीमागेच रेंगाळलो. तिचं ऑफिसचं काम घरूनच चालतं. पडद्यावर एकाच जागी दोन ओळी होत्या, एक हिरव्या पट्ट्यात, एक निळ्या. एक तिची, दुसरी तिच्या सहकाऱ्याची. दोघांनी प्रोग्रॅममधली एकच जागा आपापल्या परीने बदलली होती, आणि काय ठेवायचं ते सांगितल्याशिवाय संगणक पुढे सरकायला तयार नव्हता.

"चुकलंय कोण?" मी विचारलं.

"कोणीच नाही हो बाबा. दोन्ही बरोबर आहेत, तोच तर घोळ आहे."

मी गडबडलो. भांडण झालं म्हणजे एकजण चुकलेला असतो, आणि तो सहसा मी नसतो, अशी माझी आजवरची समजूत. आता निवृत्तीनंतर गावी राहायचं, ही माझी ओळ. इथेच, लेकीजवळ राहायचं, ही बायकोची. आठवडाभर आमचं घर तिथेच अडकलंय.

तेवढ्यात लेकीने दोन्ही ओळी पुसून तिसरीच लिहिली.

मी स्वयंपाकघरात गेलो. तिसरी ओळ काही सुचेना, तेव्हा बायकोचीच ओळ म्हणून पाहिली. "राहू या इथेच."

भाजी चिरता चिरता ती थांबली. "अहो, मग गावाकडच्या कलमांना पाणी कोण घालणार?"

आता गाव तिच्याकडे होतं आणि शहर माझ्याकडे. लेकीला हाक मारावीशी वाटली. पण "यातली तुमची ओळ कोणती?" असं तिने विचारलं असतं तर काय सांगणार होतो?