भराव बसेपर्यंत

अंजूरला खाडीकडेचं शेत गोदामाला गेलं की आधी तिथे डंपर रिकामे होतात. बांध बुजतात, खाजणात शिरलेलं खाडीचं पाणी आपली वाट शोधत निघून जातं आणि पुरुषभर उंचीचा भराव पडतो. त्यावर लगेच पाया घालत नाहीत. खालचा चिखल दबायला एक पावसाळा द्यावा लागतो. पाऊस सरला, थंडीत माती टणक झाली, की ठेकेदार येईपर्यंत दोन-तीन महिने ते शेत कुणाचंच नसतं. भात गेलेला असतो आणि गोदाम आलेलं नसतं.

लडकूचं सगळं सुख या मधल्या महिन्यांत होतं.

तो पडघ्याकडच्या गावचा कुणबी. लग्न झाल्यावर हौसाला घेऊन अंजुरात आला तो पोकलेन चालवायला, आणि भाड्याच्या खोलीतच त्याचे केस पांढरे झाले. गावात बैलांच्या शर्यती दांडग्या. पण बैल जमीनवाल्यांचे. लडकू दोरीबाहेर उभा राहून बघायचा. घसा बसेपर्यंत ओरडायचा आणि संध्याकाळी घरी यायचा तेव्हा तो तिथे होता हे कुणाला आठवतही नसे.

मग बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. गोठे ओस पडले. पोरांच्या अंगातली रग कुठे जाणार? गावातल्या कुणालच्या वडलांची शेतं तेव्हा नुकतीच गोदामांखाली गेली होती. कुणालने एक जुनी जीप आणली, मग दुसऱ्याने आणली, आणि एका थंडीत भरावाच्या शेतावर जीपच्या शर्यती सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी गाड्या इतक्या उडाल्या की कुणाल लडकूकडे आला. म्हणाला, "काका, जरा रोलर फिरवाल का?"

लडकूने ड्युटी संपल्यावर रोलर फिरवला. वळणावर बाहेरची कड जरा उचलून घेतली. भरलेला डंपर वळताना कुठे कलतो ते त्याने आयुष्यभर पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी गाड्या त्या वळणावरून अशा घसरत गेल्या की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. "वळण कुणी काढलं?" कुणीतरी विचारलं, आणि चार हातांनी लडकूकडे बोट दाखवलं. त्या वर्षापासून तो दोरीच्या आत आला. झेंडेही त्याच्याच हाती आले. हिरवा सुरुवातीला हलवायचा, लाल हा गाड्या थांबवायला. लाल झेंडा त्याने कधी उघडलाच नव्हता; तो घडी करून कंबरेला खोचलेला असे.

पुढे बंदी उठली. बैल परत आले, आणि माणसं त्यांच्यामागे गेली. भांडण नाही, तंटा नाही. जत्रेतून माणूस घरी जातो तशी गेली. सगळ्यांत आधी गेला तो सावळाराम, लडकूचा जिवाभावाचा दोस्त. याच सावळारामने जीपच्या शर्यतीत बेंजोवाले आणून गाव नाचवलं होतं.

यंदाच्या शर्यतीचं बोलवायला लडकू त्याच्या गोठ्यावर गेला. सावळाराम बैलाच्या शिंगांना तेल चोळत होता.

"ऐतवारी येशील ना?"

"ऐतवारी बैल हायत, लडक्या. पलीकडच्या गावाला."

"बैल दुपारी सुटतात. तू सकाळी ये."

"आन बैल टेंपोत कोन चढवील? तू?"

लडकूने तेलाची वाटी त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "मंग इतकी वर्सं आलास ते कशाला?"

"घरात म्हावरं नसलं का मानूस वालाची आमटी खातो," सावळाराम म्हणाला. "म्हनून काय त्याला वाल आवडतात असं न्हाय."

"तुझा पोरगा भाविक तर जीप पलवतो."

"पलवू दे. अजून लहान हाय." सावळारामने बैलाच्या मानेवर थाप मारली. बैलाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "हे बघ. हाक मारायची गरज न्हाय. तुमची जीप बघते का कोनाकडं?"

लडकू माघारी फिरला. वाटेत त्याला उत्तर सुचलं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. इतक्या वर्षांत एकाही बैलाने त्याच्याकडे मान वळवून बघितलं नव्हतं. वळण काढलं तेव्हा माणसांनी बघितलं होतं.

कुणाल आता स्वतःच्या गोदामाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा. लडकूने विषय काढताच त्याने हात जोडले.

"काका, या वर्षी राहू द्या. शेतं उरलीत कुठे? सगळ्यांवर पत्रे चढले. गाड्या काय मानकोलीच्या पुलावर पळवायच्या?"

"गोदूआजीचं शेत हाय की, खाडीकडचं."

"ते तर तुम्ही दिवाळीनंतर भरलंत. पावसाळा कुठे गेलाय त्यावर?"

"बसलाय भराव," लडकू म्हणाला.

"पावसाशिवाय?"

"वर मुरूम जाड टाकलाय. रोलर मारलाय. बसलाय."

कुणालने त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही म्हणताय म्हणजे बसलाच असेल," तो म्हणाला. "पण काका, एक सांगतो. मागच्या वर्षी दोरीला टेकायलाही माणसं नव्हती. यंदा लोक आले तर ठीक. नाहीतर हे शेवटचं. मग मला पुन्हा म्हणायला येऊ नका."

त्या संध्याकाळी लडकू लोखंडी सळई घेऊन गोदूआजीच्या शेतावर गेला. गावाच्या अंगाला सळई दोन हात जाऊन अडली. मधल्या भागातही अडली. खाडीकडच्या वळणावर त्याने ती टेकवली, जरा भार दिला, आणि शिजल्या भातात बोट जावं तशी ती आत गेली. मूठच वर राहिली.

वळण आत घ्यायला जागा नव्हती. शेत अरुंद होतं. त्याने सळई उपसून पुन्हा एकदा खुपसली, जणू जमीन मघाशी चुकली असेल. ती चुकली नव्हती.

हौसा डबा घेऊन आली होती. ती मागे कधीपासून उभी होती कोण जाणे.

"ती एवढी आत कशी गेली?"

"कडेला हाय. गाड्या इतक्या कडेला येत न्हाईत."

"आन आली तर?"

"मी ऱ्हाईन ना तिथं उभा."

"तुमी काय खांब हाव?" हौसा म्हणाली. शर्यतीवर तिचं कधीच मन नव्हतं. डबा ठेवून ती निघून गेली. लडकूने त्या वळणावर आणखी मुरूम पसरला, पाणी मारलं, रोलर फिरवला. वरून ती जागा इतकी गुळगुळीत झाली की त्याचं त्यालाच खरं वाटू लागलं.

रविवारी सकाळी दोरीला जेमतेम मूठभर माणसं होती. मुलांनी वडापावच्या गाडीशी गर्दी केली होती, तीही गाडीवाला लवकर निघणार म्हणून. दोन-दोन जीप सुटत होत्या, हरलेली बाद होत होती. लडकू हिरवा झेंडा हलवायचा आणि धावत जाऊन खाडीकडच्या वळणावर उभा राहायचा, अगदी कडेला, म्हणजे गाड्यांनी त्याला टाळून आतून जावं. गाड्या आतून जात होत्या. तो मनात म्हणत होता, एवढा दिवस निघू दे. पुढच्या वर्षी तुझ्यावर पावसाळा गेलेला असेल.

आणि मग, उन्हं वर आल्यावर, रस्त्याच्या बाजूला एक टेंपो थांबला. त्याच्यामागे दुसरा. बैल घेऊन निघालेली मंडळी आवाज ऐकून थांबली होती. कुणी टपावर चढलं, कुणी बांधावर. दोरी माणसांनी भरली. पहिल्या टेंपोच्या फळीवर पाय ठेवून सावळाराम उभा होता. माईकवर कुणालचा आवाज चढला. शेवटची फेरी भाविक आणि शेजारच्या कशेळी गावच्या जीपमध्ये होती.

लडकूने हिरवा झेंडा हलवला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वळणापर्यंत तो धावत गेला की कुणी उचलून नेलं, त्याचं त्याला कळलं नाही.

पहिल्या चकरीला दोघं बरोबरीने गेले. दुसऱ्या चकरीला कशेळीवाल्याने आतली बाजू धरली. भाविकला बाहेरून जावं लागलं. तो लडकूच्या इतक्या जवळून गेला की खडे पिंडरीला लागले. आणि पुढे निघाला. सगळं गाव ओरडलं. सावळाराम दोन्ही हात वर करून नाचत होता.

तेव्हाच लडकूच्या पायाखालची जमीन हलली. फार नाही. होडीत कुणी पलीकडे पाय ठेवल्यावर हलते, तेवढीच. त्याने मागे बघितलं. मुरमावर बोटभर रुंद भेग उमटली होती, आणि ती त्याच्या टाचांमागून वळणाच्या मध्याकडे गेली होती.

गाड्या पलीकडच्या टोकाला वळत होत्या. भाविक पुन्हा बाहेरूनच येणार होता. दोरीला माणसं मावत नव्हती. इतकी वर्षं त्याने एवढंच मागितलं होतं, आणि ते समोर होतं.

त्याने कंबरेचा लाल झेंडा ओढला. घड्यांच्या रेषांवर त्याचा रंग उडाला होता. तो उघडून लडकू वळणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

ब्रेक करकचले. धुळीत दोन्ही जीप थांबल्या, आणि एवढी शांतता झाली की टेंपोतल्या बैलांची घुंगरं ऐकू आली.

"काका, काय झालं? मी जिंकत होतो," भाविक म्हणाला.

लडकूने भेग दाखवली. कुणाल धावत आला, त्याने भेगेवर बुटाची टाच आपटली. एकदा, दोनदा. जमीन हलली नाही.

"उन्हानं तडकलंय वरून," कुणाल म्हणाला. "असल्या भेगा माझ्या अंगणात आहेत."

"गावचा पोरगा पुढं व्हता तर बरोबर भेग सापडली," मागून कुणीतरी बोललं. "कशेळीवाल्यांनी काय पाजलं याला?" लोक हसले.

"काका, मी पुन्हा लावतो शर्यत," कुणाल हळू आवाजात म्हणाला. "लोक थांबलेत. फक्त सांगा, भराव बसलाय की नाही?"

लडकूने दोरीकडे बघितलं. मग भाविककडे.

"न्हाय बसला."

"तुम्हीच म्हणालात ना मला, बसलाय म्हणून?"

कुणालने लडकूच्या हातातून दोन्ही झेंडे घेतले, गुंडाळले आणि माईककडे गेला. शर्यत रद्द झाल्याचं त्याने एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची गरज पडली नाही. टेंपो सुरू झाले होते.

सावळारामने जाता जाता हाक दिली. "लडक्या, बैल असे मधीच थांबवत न्हाईत रं." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दुपारभर लडकू वळणापाशी बसून राहिला. पलीकडच्या गावातून वारा आला की बैलांच्या शर्यतीचा कल्लोळ ऐकू येई. तो भेगेकडे बघत होता. आता ढासळेल, मग ढासळेल. कडेला उभं राहून त्याने पाय आपटून बघितले. मोठाले दगड आणून टाकले. भरती आली, पाणी भरावाच्या पायथ्याला लागलं, चुळूकचुळूक करत राहिलं आणि उतरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने जमीन खचावी म्हणून देवाला हात जोडले. कड तशीच उभी होती. तिच्यावरून अजून दहा शर्यती गेल्या असत्या, किंवा एकही नाही. हे आता कळायला मार्ग नव्हता.

ऊन कलल्यावर हौसा आली. गावात तिने सगळं ऐकलं असणार. खाडीच्या बांधावरून वर चढून ती सरळ त्याच्याकडे निघाली.

"तिथून येऊ नको," लडकू ओरडला.

हौसा थांबली. तिच्या पुढ्यात दहा पावलांवर नवरा बसला होता आणि मधली जमीन फरशीसारखी कडक दिसत होती. तिने त्या भेगेकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

पदर खोचून ती मागे वळली. शेताला पूर्ण वळसा घालून, जिथून गाड्या सुटल्या होत्या तिथून, तुडवलेल्या कागदी पेल्यांमधून, पडलेल्या दोरीवरून पाय उचलत ती सावकाश चालत राहिली, आणि ती पोहोचेपर्यंत लडकू तिच्याकडे बघत बसला.