फोटोकाकांचा खिशातला कॅमेरा

रुग्णालयाच्या तळघरात जिन्याच्या उजव्या हाताला शिशाचं एक जाड दार होतं. त्या दारामागे फोटोकाका सव्वीस वर्षं एक्स-रे काढत होते. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची वेळ सहसा कुणावर येत नसे. माणसं यायची तीच मुळी "छातीचा फोटो सांगितलाय", "गुडघ्याचा फोटो काढायचाय" म्हणत. वॉर्डातल्या सिस्टर त्यांची चेष्टा करायच्या, "काका, इतके फोटो काढलेत, पण एकही कुणी फ्रेम करून लावला नाही हो!" काका म्हणायचे, "फ्रेम करून लावावा असा आतून कुणी दिसतच नाही."

त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की ढग आहेत, हे काकांना पेशंटच्या कपड्यांवरून कळायचं. चार वाजता सुटी झाली की ते आधी घरी फोन करत, "निघालो गं." मग पूल ओलांडून, बेकरीवरून, गल्लीतून घरी. पंचवीस मिनिटं. सव्विसावं मिनिट लागलं की खिशातला फोन वाजायचा.

घरी काकू होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या सोडून त्या नऊ वर्षांत जिन्याच्या पहिल्या वळणापलीकडे गेल्या नव्हत्या. वेडाची कुठलीही खूण त्यांच्यात नव्हती. हिशोबी, हजरजबाबी, घर आरशासारखं ठेवणारी बाई. पण नऊ वर्षांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ "दहा मिनिटांत आलो" म्हणून बाहेर पडले आणि बसथांब्यावर कोसळले. खिशात कागदाचा कपटा नव्हता. दोन दिवस ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयाच्या शवागारात बेवारस म्हणून पडून होते आणि दोन दिवस काकू दारात उभ्या होत्या. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की त्यांच्या छातीत धडधडायचं, हातापायांना घाम फुटायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी झोप यायची, जिना काही उतरवायचा नाही. सुरुवातीला काकांना वाटलं, चार महिन्यांत सुरळीत होईल. चार महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची नऊ झाली, आणि पंचवीस मिनिटं कधी ठरली, कुणी ठरवली, हे दोघांनाही आठवेना.

काकूंची धाकटी बहीण गावातच राहायची. ती म्हणाली, "भाऊजी, चांगला फोन घ्या की. तुम्ही कुठं आहात ते ताईला घरबसल्या नकाशावर दिसेल."

"बटणाचाच बरा आहे," काका म्हणाले. "तळघरात रेंज कुठं येते?" रेंज निमित्त होती. काकूंना त्यांनी फोनचे कान दिले होते, नकाशाचे डोळे द्यायचे नव्हते.

एके दिवशी खांद्याचं हाड मोडलेला एक सायकलस्वार आला. घाटात पडला होता. काकांनी त्याला जाकीट उतरवायला लावलं, तर आतल्या खिशातून साबणाच्या वडीएवढा कॅमेरा निघाला. "हाड मोडलं, पण हा वाचला," तो तरुण कळवळत हसला, आणि डाव्या हाताने एकेक चित्र पुढं सरकवत राहिला. वळणाचा रस्ता. धुक्यातून वर आलेलं एक झाड. दगडावर वाळत घातलेले मोजे. काका बघतच राहिले. शिकत असताना डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली, त्यांनी मित्रांचे फोटो धुतले होते. ट्रेमधल्या पाण्यात कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटायचा. ते सगळं कुठं गेलं होतं? बाहेर रांग खोळंबली तेव्हा ते भानावर आले.

रुग्णालयासमोरच कॅमेऱ्याचं दुकान होतं. दुपारच्या जेवणाची सुटी अर्धा तास. काकांनी डबा दहा मिनिटांत उरकायचा नि उरलेल्या वेळात दुकानात जायचं, असं सहा दिवस केलं. दुकानदार जाडजूड, चष्मा कायम कपाळावर, आणि बोलायला उत्सुक.

"लग्नाकार्याचे फोटो काढायचेत का?"

"नाही. खिशात मावला पाहिजे. रोज जवळ बाळगायचा."

"आणि प्रवासाला?"

"हो, प्रवासालाही."

दुकानदाराने तीन कॅमेरे काचेवर मांडले. पहिला अगदी चपटा, पण त्याच्या आतला उजेड झेलणारा पडदा नखाएवढा. काकांनी दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा फोटो काढून मोठा करून पाहिला नि मान हलवली. "कडा फुटतात. असा एक्स-रे दिला तर डॉक्टर तो मला परत पाठवतील." दुसऱ्याचा पडदा मोठा होता, आणि त्याचं चित्र इतकं स्वच्छ की कपाटाच्या लाकडातल्या रेषा मोजून घ्याव्यात. पण त्याला झूम नव्हता. "हा रसिकाचा," दुकानदार म्हणाला. "याला लांबचं जवळ आणता येत नाही. जे हवं, त्याच्यापर्यंत आपण चालत जायचं." तिसरा थोडा जाड. त्याचा पडदा अंगठ्याच्या पेराएवढा, आणि बटण दाबलं की भिंग सरसर पुढं येऊन पलीकडच्या इमारतीवरची टाकी हातात आल्यासारखी दिसे.

काकांनी तिन्ही आळीपाळीने पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवून पाहिले. ठेवून वाकले, बसले, उठले. चालू व्हायला किती वेळ लागतो ते पाहिलं. एका हाताने, न बघता बटण सापडतं का ते पाहिलं. मन दुसऱ्यावर होतं. घरी जाताना पुलावरून ते त्याचाच विचार करत. मग सहाव्या दिवशी त्यांना उमगलं, की हवं त्याच्यापर्यंत चालत जायला आपल्याकडे पंचवीसच मिनिटं आहेत.

"तिसरा द्या," ते म्हणाले.

"झकास! कुठं चाललाय?"

"डोंगरात." बोलून गेले खरे, मग थांबता येईना. "पंधरा दिवस. मग तिथून समुद्राकडे."

"घरची मंडळी आहेत ना बरोबर?"

"तर! तिचीच हौस."

दुकानदार खूश झाला. डोंगरात गारठ्याने बॅटरी लवकर उतरते, जादाची एक घ्या, आणि ती शर्टाच्या आतल्या खिशात उबेला ठेवा, असं त्याने बजावलं. काकांनी निमूटपणे जादाची बॅटरी घेतली.

घरी काकांनी कॅमेरा बिचकतच पुढं केला. पण काकू चक्क हसल्या. "आता म्हातारपणी नवीन खूळ! बघू तरी काय काढता." पहिल्या दिवशी काकांनी पुलाचा कठडा आणला, बेकरीच्या दारातून निघणारी वाफ आणली, भिंतीवर झोपलेलं मांजर आणलं. काकूंनी चष्मा लावला, कॅमेरा नाकाशी धरला.

"अहो, या पुलावरून मी शाळेत जायची! कठडा हिरवा होता तेव्हा. आणि हे दुकान? इथं तर चपलांचं दुकान होतं."

"बंद पडलं ते. सहा वर्षं झाली."

"तुम्ही बोलला नाहीत कधी."

"तू विचारलं नाहीस."

ते दोन महिने चांगले गेले. काका रोज काहीतरी आणत आणि चहाबरोबर काकू ते बघत. पंचवीसची तीस मिनिटं झाली, पस्तीसही झाली, आणि फोन वाजला नाही. काकांच्या मनात आशेला कोंब फुटला. आज चित्रं बघतेय, उद्या खिडकीत उभी राहील, परवा कदाचित जिना.

मग एका दुपारी काकूंनी दोन चित्रं मागं-पुढं करत विचारलं, "पूल चार वाजून नऊ मिनिटांनी. बेकरी चार-वीसला. मधली अकरा मिनिटं कुठं होतात?"

चित्राच्या उजव्या कोपऱ्यात बारीक केशरी आकड्यांत वेळ उमटत होती. दुकानदाराने आपण होऊन लावून दिलेली. काकांनी तिच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

"पुलावरच होतो. नदीकडे बघत."

"अकरा मिनिटं?"

"हो."

"मग नदीचा का नाही काढला?"

दुसऱ्या दिवशी काकांनी नदीचा काढला. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, रुग्णालयाच्या फाटकातून निघताना एक काढत जा, म्हणजे मला अंदाज येतो. मग सिग्नलचा. मग गल्लीच्या तोंडाचा. मांजर, वाफ, कठडा, सगळं मागं पडलं. काका चालता चालता हात वर करायचे, बटण दाबायचे नि पुढं जायचे. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी कॅमेरा काकूंच्या हातात द्यायचा, आणि त्यांचं बघून होईस्तोवर शाळकरी पोरासारखं उभं राहायचं. एकदा त्यांनी गुपचूप ती वेळ बंद केली. काकूंनी पहिल्याच चित्राला ओळखलं. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लपवण्यासारखं काय आहे, तेवढं सांगा." काकांनी वेळ पुन्हा लावली. सव्वीस वर्षं लोकांच्या आतलं बघणाऱ्या माणसाला आता कुणीतरी रोज दिव्यासमोर धरत होतं, आणि गंमत म्हणजे ते यंत्र त्याने स्वतःच, सहा दुपारी घालवून, पसंत करून आणलं होतं.

एका मंगळवारी चार वाजता काका फाटकाबाहेर आले. फोन करून "निघालो गं" म्हणाले. थांब्यावर एक बस उभी होती. तिच्यावर शेवटच्या थांब्याचं नाव होतं, धरणाचं. काका चढले. आपण चढलोय हे त्यांना बसल्यावर कळलं. पुढच्या थांब्यावर उतरू, असं ठरवलं, तो गेला. त्याच्या पुढच्यावर उतरू, तोही गेला. फोन वाजू लागला. त्यांनी तो खिशातून काढला, हातात धरला, आणि तो थांबेपर्यंत नुसता बघत राहिले.

धरणावर वारा होता. पाण्यापलीकडे डोंगर होते, एकामागे एक, फिकट होत गेलेले. काका दगडी भिंतीवर बसले. कॅमेरा काढला नाही. आनंद झाला असं म्हणावं, तर तसंही नाही; जीव घरच्या जिन्यातच अडकला होता. तरी उठवेना. परतीच्या बसचा भोंगा वाजला तेव्हा उठले.

घरापाशी पोचायला सहा वाजले. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई दारात उभ्या होत्या, खांद्यावर टेप तसाच. त्यांनी आत बोट दाखवलं. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर काकू बसल्या होत्या. अनवाणी. एक हात कठड्याला घट्ट, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला, न प्यालेला. घामाने केस कपाळाला चिकटले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या दोन मजले उतरल्या होत्या.

"रस्त्यावर जायचं म्हणत होत्या," शिवणवाल्या बाई हळूच म्हणाल्या. "फाटकापर्यंत गेल्या नि पाय गळाले. मग इथं बसवलं. पाऊण तास झाला."

काका समोर उकिडवे बसले. काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, दंडाला हात लावून पाहिला, जणू माणूस खरा आहे ना याची खात्री करत. मग विचारलं, "फोटो?"

"नाही काढला."

"कुठं होतात?"

काकांच्या ओठावर बस बंद पडल्याचं कारण आलं होतं. "धरणावर," ते म्हणाले. "मुद्दाम गेलो. फोन ऐकला, उचलला नाही."

शिवणवाल्या बाई आत गेल्या.

"मी मेले असते," काकू म्हणाल्या.

"माहीत आहे. पण मीही रोज थोडा थोडा मरतोय गं."

कठडा धरून काकू उठल्या. चव्वेचाळीस पायऱ्या त्या एकेक करत चढल्या, आणि काका दोन पायऱ्या मागं, पडल्या तर धरायला हात पुढं करून. त्या पडल्या नाहीत. पुढं आठवडाभर त्या कामापुरतंच बोलल्या.

बहिणीला कळलं तेव्हा ती धावत आली, आणि तिला वेगळाच आनंद झाला. "म्हणजे ताई उतरू शकते! भाऊजी, अधूनमधून उशीर करत जा." काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने जीभ चावली. पण त्यातूनच एक ठरलं. दर गुरुवारी चार ते सात बहीण घरी येऊन बसेल. काकांनी कुठंही जावं, कुणी फोन करायचा नाही, आल्यावर कुणी कॅमेरा मागायचा नाही. बाकीचे दिवस मात्र आधीसारखे: पंचवीस मिनिटं, चार चित्रं. काकू हे सगळं खाली मान घालून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सात म्हणजे सात."

पहिल्या गुरुवारी काका धरणाच्या बसमध्ये बसले. खिशात कॅमेरा होता. थांबा आला, माणसं उतरली, काका बसूनच राहिले. चालकाने वळून विचारलं, "काका, उतरायचं नाही का?" ते म्हणाले, "परतच जायचंय." त्याच बसने ते परत आले.

दुसऱ्या गुरुवारी उतरले. भिंतीवर बसले. डोंगराचा एक फोटो काढला, मग पाण्यावरून उडत जाणाऱ्या पक्ष्याचा, तो फोटो हलला. डोंगराकडे जाणारी एक पायवाट दिसत होती. वीस मिनिटांत सहज पोचता आलं असतं. काकांनी घड्याळ पाहिलं. पाचलाही दोन मिनिटं कमी होती, हातात दोन तास होते. त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. तळहाताला घाम आला होता, छातीत धडधडत होतं, आणि हे कुणाचं दुखणं आहे ते त्यांना नीट ओळखता आलं.

पाऊण तासात ते घरच्या दारात होते. बहीण चहा गाळत होती. काकू खिडकीशी बसल्या होत्या.

"एवढ्यात आलात?" त्यांनी विचारलं.

"आलो," काका म्हणाले, आणि चपला काढू लागले.