गवतावर वाढलेले गुडघे

सिंगापुरात मरीन परेडच्या आमच्या काँडोत, म्हणजे फ्लॅटच्या सोसायटीत, माझ्या मुलीला टेनिस शिकवायला एक इंग्रज येतो. बारा वर्षं तो व्यावसायिक खेळाडू होता. मोठ्या स्पर्धेत एकदाच पोचला आणि पहिल्याच फेरीत हरला. आता पन्नाशीतही प्रत्येक फटक्याला गुडघा जमिनीला टेकेल इतका वाकतो.

न राहवून मी एकदा विचारलं, "या कोर्टवर चेंडू कमरेपर्यंत उसळतो. मग इतकं वाकता कशाला?"

तो हसला. "मी गवतावर खेळत वाढलो. तिथे चेंडू घोट्याच्या वर येत नाही. घर सोडलंय, हे गुडघ्यांना अजून सांगितलेलं नाही."

मी वर फ्लॅटवर आलो आणि पुण्याच्या सवयीने, उद्या पाणी गेलं तर म्हणून, बादली भरायला लावली.

सिंगापुरात नऊ वर्षांत पाणी एकदाही गेलेलं नाही.