चार नंबरचा काप

आमच्या प्रयोगशाळेत सुरीकाकांशी कुणी हुज्जत घालत नाही. एकतीस वर्षं त्यांचं एकच काम: शरीरातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा गोठवायचा आणि मशीनच्या पात्यावर त्याचे केसाहूनही पातळ काप काढायचे. काप सुरकुतला की ते पात्याला नाही, मला बोल लावतात. मी शेजारी मायक्रोस्कोपवर बसते आणि म्हणे माझ्या श्वासाने हवा हलते. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही.

तीन वर्षांपूर्वी एका तापानंतर काकांना वास येईनासा झाला. आधी त्यांनी ते हसण्यावारी नेलं. उंदरांच्या खोलीत रुमालाशिवाय जाणारा मी एकटाच, म्हणून मिरवायचे. मग एका दुपारी नात झोपलेली असताना गॅसवरचं दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि घरभर गॅस पसरला. काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. लेक वेळेवर आली म्हणून निभावलं. त्यानंतर काका नातीबरोबर कधी एकटे थांबले नाहीत. लेक म्हणते, "बाबा, सांभाळा ना हिला तासभर," आणि हे काहीतरी काम काढून बाहेर पडतात.

यंदा आमच्या मॅडमनी वासाचा अभ्यास हाती घेतला. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की गेल्या, पण नाकात अगदी वर असलेल्या, वास ओळखणाऱ्या पेशी म्हातारपणीही नव्याने जन्मू शकतात. ज्यांचा वास गेलाय त्यांच्या नाकात हे चालू असतं का, ते पाहायचं होतं. अशा सहा जणांनी नाकातला कणभर तुकडा दिला. त्यांत एक आमचे काका. इथली शिस्त अशी की तुकड्यावर फक्त नंबर, नावं मॅडमच्या बंद पाकिटात. मोजताना माणूस डोळ्यांपुढे आला की आकड्यात घोळ होतो.

"काका, स्वतःचं नाक स्वतःच्या हाताने कापणारे तुम्ही पहिलेच," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

चौथा तुकडा पात्याखाली भुगा होत होता. काकांनी तीनदा प्रयत्न केला.

"हा गडी कामातून गेलाय. टाकून दे."

"एक काप द्या तरी."

"सुरकुतलेला काप मी आजवर कुणाला दिलेला नाही."

"मला बोलायला बरं जमतं. एक काप द्यायला मात्र जीव जातो तुमचा."

त्यांनी रागारागाने काप काचपट्टीवर चिकटवला.

नव्या चेतापेशी हिरव्या चमकाव्यात असा रंग मी सगळ्या कापांवर चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचे दिवे मालवून बसले. पहिल्या दोन कापांत चार-पाच ठिपके, तिसऱ्यात शुकशुकाट. चौथा काप सरकवला. सुरकुतीच्या कडेने हिरव्या पेशींची रांगच्या रांग उभी होती. इतक्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"काका, इकडे या. आधी या."

ते वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. "टाकणार होतो मी," एवढंच म्हणाले.

मी मोजल्या, एक्केचाळीस. काकांनी मोजल्या, तेवढ्याच. उरलेले दोन काप कसेबसे मोजून मी मॅडमकडे धावत गेले. त्यांनी पाकीट फोडलं, चौथ्या ओळीवर थांबल्या आणि काकांकडे पाहायला लागल्या. चार नंबर काकांचाच होता! मी त्यांचा दंड धरून गदागदा हलवला.

"पेशी जन्मताहेत, हे नक्की," मॅडम म्हणाल्या. "त्यांचे धागे मेंदूपर्यंत पोचतील का, कधी पोचतील, ते मात्र मला सांगता येणार नाही." मला मॅडमचा राग आला. एक दिवस थांबल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

काकांनी मान डोलावली, कोट काढून खुंटीला अडकवला आणि तिथूनच लेकीला फोन लावला.

"अगं, शनिवारी छोटीला माझ्याकडे सोड. दिवसभर." तिकडून ती काहीतरी विचारत होती. "नाही गं, वास नाही आला अजून. गॅस बंद ठेवीन मी."