आपलं आणि पलीकडचं

आक्का गेली त्या दिवशी मी खडेबाजारात चष्म्याची काच बदलायला गेलो होतो. निपाणीहून भाच्याचा, संजयचा फोन आला. "मामा, आई गेली," म्हणाला. डॉक्टर आले होते का, काही त्रास होत होता का, असं मी विचारत राहिलो. तो एवढंच म्हणाला, "सकाळी फळा लिहून झालता तिचा…" आमच्या गल्लीबाहेरच्या माणसाला हे वाक्य कळायचं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझी थोरली बहीण सुमन, गावाची सुमनआक्का, पिठाची गिरणी चालवायची. आमची आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची. लेकीच्या नावावर विजेचं कनेक्शन आलं तेव्हा ती मीटरकडं बघत कितीतरी वेळ उभी होती. सुरुवातीला वरच्या गल्लीची दळणं आमच्याकडं येत नसत. त्यामागचं जातीचं कारण सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. गिरणीच्या दारात फळा टांगला तो वीज कधी जाणार हे लिहायला, बायकांना हेलपाटा नको म्हणून. पण कारण सांगितल्याशिवाय आक्काला चैन पडत नसे. वीज जाणार तर का जाणार? कोळसा कमी का पडला, डिझेल कशानं चढलं, सरकार काय म्हणतंय? सातवी शिकलेली ही बाई सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, त्यातलं चार ओळींत फळ्यावर उतरवायची आणि खाली स्वतःचं मत ठोकून द्यायची. वरच्या गल्लीतली माणसं आधी लांबून फळा वाचू लागली, मग जवळून, आणि मग एक दिवस दळणाचा डबा घेऊनच आली. आक्कानं कुणाला काही ऐकवलं नाही, फक्त जात्याचा आवाज वाढवला, असं संजय अजून हसत सांगतो.

तिची मतं मला पाठ आहेत. 'डिझेल चढले. कारण लांबची लढाई. मागच्या वेळी लढाई थांबली तेव्हा उतरले नव्हते.' 'मोठ्या कंपनीने लहान कंपनी घेतली. मालकाचा हसरा फोटो आहे. कामगारांचे काय झाले, शोधतो आहोत.' हे 'आहोत' म्हणजे ती एकटीच. मी बँकेत अधिकारी होतो, शहरात टिळकवाडीत राहून तीन-तीन पेपर वाचायचो, चर्चासत्रांना जायचो. मला जे सांगायला अर्धा तास लागे ते ती खडूच्या एका कांडीत सांगून मोकळी व्हायची. तेव्हा मी तिला 'संपादकबाई' म्हणून चिडवत असे. आज सरळ सांगतो, मला तिचा अभिमान होता आणि थोडा हेवाही.

आता जे आजवर सांगितलं नाही ते. एकदा मी तिला सकाळीच फोन केला, "आक्का, सौर पंपाच्या अर्जाची मुदत वाढली, फळ्यावर टाक." मी वाचत होतो तो पेपर कोल्हापूरचा. बातमी तिकडच्या सरकारची, आणि निपाणी सीमेच्या अलीकडं, कन्नड राज्यात. पेपर मराठी, अक्षरं मराठी, म्हणून बातमी आपलीच असं धरून चालण्याची चूक आम्हा सीमेवरच्या माणसांचीच. आक्कानं लिहिलं, 'मुदत वाढली. घाई नको.' चिकोडी रस्त्यावरचे भूपाल आप्पा, जैन शेतकरी, फळ्यावर पूर्ण विश्वास. त्यांनी कागद तयार असून घाई केली नाही. इकडची मुदत संपली. त्यांचा पंप हुकला.

आक्का त्यांच्या घरी गेली, दारात उभी राहून चूक कबूल करून आली. मग फळ्यावर लिहिलं, 'माझं चुकलं. ती बातमी इकडची नव्हती.' दुसरी एकही बातमी नाही. रोज सकाळी फळा पुसायचा आणि तेच पुन्हा लिहायचं. येणारे-जाणारे वाचायचे, कुणी हसायचे. मी फोनवर म्हणालो, "माझं नाव सांग की." ती म्हणाली, "खडू माज्या हातात हुता रं. तुजा काय संबंध?" मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. उलट पुढचे काही महिने निपाणीला जायचंच टाळलं.

नवव्या दिवशी आप्पा स्वतः आले. "पुस आता, आक्का. लई झालं," म्हणाले. "तुजी चूक एवडीच, तू अर्धाच पेपर वाचतीस." आक्काला कन्नड फाडफाड बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. आप्पांनी तिला अक्षरं शिकवली. दळण होईपर्यंत ते बाकावर बसत आणि ती जात्याच्या कडेला साठलेल्या पिठात बोटानं अक्षर काढी. पन्नाशी उलटलेली बाई… वर्षाच्या आत कन्नड पेपर वाचू लागली. मग तिनं फळ्याच्या मधोमध पांढऱ्या ऑइलपेंटनं उभी रेघ ओढली. डावीकडं 'आपलं', म्हणजे इकडच्या सरकारचं; उजवीकडं 'पलीकडचं', कोल्हापूरकडच्या सरकारचं.

यावर गावात वाद झाला. "आपली भाषा तिकडं, आणि त्याला पलीकडचं म्हणतीस व्हय?" असं एक जण तावातावानं विचारायला आला. आक्का शांतपणे म्हणाली, "भाषा आपलीच हाय. पन माजी गिरण ज्या तारंवर चालती ती तार कुठली, एवडंच लिवलंय. चुकलं आसंल तर दाखवा." पुढं अर्ज करायच्या आधी माणसं फळा बघून जायची. पुढच्या खेपेला आप्पांना पंप मिळाला, तो तिनं डावीकडं लिहिलेली तारीख बघूनच.

गेल्या रविवारी गिरणीत गेलो. सहा आठवडे झाले तरी फळा तसाच होता. डावीकडं, 'गुरुवारी दुपारी वीज बंद. दळण सकाळी आणा.' उजवीकडं, 'नव्या वीजप्रकल्पाची घोषणा. चित्र सुंदर आहे. जमीन कुणाची ते छापलेले नाही.' पुसायचा धीर संजयला होत नव्हता. आप्पा बाकावर बसले होते, आता बरेच थकलेत. मी खडू घेतला आणि तळाच्या रिकाम्या जागेत लिहिलं, 'सौर पंपाची ती बातमी आक्काला मी दिली होती. चूक माझी.'

आप्पांनी चष्मा लावून वाचलं. "ठाव हाय," म्हणाले. "आक्का बोलली न्हाय कदी. पन त्या वर्सी लई दिसांनी आलासा, तवा माज्या दारावरनं खाली बगत गेलतासा." मग म्हणाले, "पुसा आता सगळं. सहा आठवडं शिळी बातमी… आक्कानं एक दिस ठिवली नसती."

मी ओलं फडकं घेतलं. तिचं अक्षर पुसलं, माझंही. मधली रेघ तेवढी तशीच राहिली. मी डावीकडं लिहायला हात उचलला, तर मागून आप्पांचा आवाज आला, "आधी कन्नड पेपर बगितलासा काय?"

बघितला नव्हता. खडू ठेवला आणि पेपर आणायला स्टँडकडं निघालो.