निर्गुडीच्या पाण्यासाठी चाकणपल्याड

जायचं ठरलं ते सुनीताच्या फोनमुळे. "वर्षाताई, एकदा येऊन जा. आत्याबाई पाल्याची अंघोळ घालतात, तुमालाबी बरं वाटंल," एवढंच ती म्हणाली. अपघातानंतर सात महिन्यांनी ती पहिल्यांदा माझ्याशी बोलत होती.

सुनीता भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर होती आणि मी त्या लाइनची सुपरवायझर. एका सकाळी मशीन खाली आलं आणि तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हापासून मला धड झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, अंगात कायम कणकण असल्यासारखी वाटायची. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल निघालं.

आमच्या घरात बुद्धवंदना होते, अंगारेधुपारे होत नाहीत. त्यामुळे बाबांना सांगताना मी जरा चाचरले. ते कंपनीतून रिटायर झालेले, युनियनमध्ये उभी हयात गेलेली.

"बाहेरचं काही लागलंय असं वाटतंय का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही. थकलेय नुसती."

"मग जाऊन ये," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

आमची सुट्टी गुरुवारी. भोसरीहून चाकणची बस सकाळी सातच्या आत पकडा, हा पहिला सल्ला. मी साडेआठला निघाले आणि मोशीच्या पुढे कंटेनरच्या रांगेत तासभर बसून राहिले. उजवीकडे खिडकीला चिकटून एक ट्रेलर, डावीकडे एक. बसमधले निम्मे लोक झोपलेले. मलाही झोपायचं होतं, पण डोळे मिटले की ती सकाळ दिसायची. चाकणला उतरून मिसळ मागवली आणि अर्धी टाकून दिली. मिसळ चांगली होती, दोष माझा.

आंबेठाण चौकातून शेअर रिक्षा मिळते. रिक्षा भरल्याशिवाय निघत नाही, तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवा. गोदामं, वजनकाटे, मध्येच कांद्याचं एखादं वावर, परत गोदाम, असा हा रस्ता आहे. गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. हौसाबाई, म्हणजे सुनीता आत्याबाई म्हणते त्या तिच्या सासूबाई, ओळखीतल्या बायकांनाच अंघोळ घालतात. पैसे घेत नाहीत. फक्त खडेमिठाचा पुडा न्यायचा.

रिक्षावाल्याने माझ्या हातातला पुडा पाहिला. "हौसाबाईकडं का? त्यांच्या सुनेचं वाईट झालं बघा. मोबाइल बघता बघता मशीनमध्ये हात घातला म्हणं."

"कोण म्हणतं?" मी विचारलं.

"कंपनीनंच तसं लिवून दिलंय की. तिच्या चुकीनं झालं म्हणून."

त्या रिपोर्टवर माझी सही होती.

घर रस्त्यालगतच, दोन खोल्या आणि मागे पत्र्याची न्हाणी. सुनीता दारात उभी होती, उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. "चहा घ्या," म्हणाली आणि डाव्या हाताने कप पुढे केला. हौसाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "लईच शिणलीस गं. चल, पाला आणू."

आधी त्या ओढ्यावर जायच्या. आता ओढ्याच्या काठाला प्लॉटिंग झालंय, म्हणून आम्ही एका कारखान्याच्या कुंपणामागून निर्गुडी तोडली. निळसर जांभळी फुलं, चुरगळलं की नाकात चढणारा उग्र वास. वाटेत कडुलिंबाच्या दोन डहाळ्या घेतल्या, बांधावरचा आघाडा घेतला, दारातली तुळस. सगळा पाला हंड्यात घालून चुलीवर उकळायचा, पाणी हिरवट काळं झालं की फडक्याने गाळायचं, त्यात मूठभर मीठ, मग विसण घालायचं. बाळंतिणीला, मयतीहून आलेल्याला, दुखण्यातून उठलेल्याला याच पाण्याने न्हाऊ घालतात. करून बघायचं असेल तर एवढं सांभाळा: ओली जखम किंवा अंगावर पुरळ असेल तर हे पाणी घेऊ नका, आणि निर्गुडी ओळखता येत नसेल तर जाणत्याला विचारा.

पाण्याला उकळी यायला बराच वेळ लागला. सुनीता शेजारी बसून एका हाताने लाकडं सारत होती. आमच्यात बोलण्यासारखं एकच होतं आणि ते दोघींनीही काढलं नाही.

न्हाणीत दगडावर बसले. साबण लावायचा नाही, बांगड्या काढून ठेवायच्या. सुनीता बादली धरून उभी राहिली. हौसाबाईंनी पहिला तांब्या डोक्यावर ओतला. ऊन, कडवट पाणी ओठांवर आलं.

"काय टाकून द्यायचं हाय ते मनात म्हण," त्या म्हणाल्या.

मनात म्हणून बघितलं. मग तोंडातूनच निघालं.

"गार्ड काढलेला होता. मशीनचा सेफ्टी गार्ड. मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. टार्गेट पूर्ण व्हायला हवं म्हणून मीच मशीन चालू ठेवायला सांगितलं. आणि नंतर तुझी चूक होती म्हणून सही केली."

सुनीताने बादली खाली ठेवली नाही.

"गार्ड नव्हता ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "मीच हुते की तिथं."

"मग मला का बोलावलंस?"

"माझी लेक शाळंतून रडत येती. तुझी आई मोबाइल खेळत हुती म्हणत्यात तिला. लोकांचं सोडा, आता मलाच कधी कधी वाटतं, आपलंच काय तरी चुकलं आसंल. मी सांगून कुणी ऐकत न्हाई. तुमी सांगितलं तर ऐकतील."

मी हौसाबाईंकडे बघितलं. त्यांनी दुसरा तांब्या भरला. "पाणी निवतंय, आधी अंघूळ उरक," म्हणाल्या. पाच तांबे झाले. टॉवेलने पुसू दिलं नाही, अंग आपोआप वाळू द्यायचं. "माझा पाला शिणवटा काढतो, बाई. तू केलेली सही त्यानं निघायची न्हाई. ती तुझी तूच बघ."

उरलेला पाला त्यांनी कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी, करंजाच्या बुंध्याशी टाकला. मग पिठलंभाकरी. सुनीताने ओढणी सोडली आणि माझ्यासमोर जेवायला बसली. उरलेल्या दोन बोटांनी भाकरी दाबून धरायची आणि डाव्या हाताने तोडायची. मला बघवत नव्हतं, तरी मी बघत राहिले. ताटातलं सगळं संपवलं.

परतीला चाकण चौकात दीड तास गेला. घरी पोचल्यावर बाबांना सगळं सांगितलं. त्यांची लेक असं करेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी म्हणाले, "लिहून दे. एक प्रत कंपनीला, एक फॅक्टरी इन्स्पेक्टरला. आणि पोच घे."

शुक्रवारी मी लिहून दिलं. पुढच्या आठवड्यात मला लाइनवरून काढून स्टोअरला बसवलं. तिथे दिवसभर कुणी फारसं बोलत नाही. चौकशी पुन्हा सुरू झाली आहे. चौकशीतून काय निघेल मला सांगता येत नाही, माझंही काय होईल ते माहीत नाही.

अंघोळीने फरक पडला का, असं मैत्रिणी विचारतात. त्या दिवशी अंग हलकं झालं होतं, हे खरं. कणकण गेली. झोप अजून तुटकच आहे आणि थकवाही आहे, पण हा दिवसभर काम करून येतो तसला थकवा आहे. जाणार असाल तर जा, पाला खरा आहे आणि बाई खरी आहे. मी मात्र तिथे हौसाबाईंकडून अंगातला शीण काढून घ्यायला गेले होते आणि येताना काम घेऊन आले.

परवा सुनीताचा फोन आला. इन्स्पेक्टर घरी येऊन जबाब घेऊन गेले म्हणाली, सरपंचही तेव्हा बसले होते. मी धीर करून विचारलं, "माझ्यावर राग आहे का अजून?"

"हाय की," ती म्हणाली. "पर आता तुमच्यावरच हाय. माझ्यावर न्हाई."